वेत वाळेपर्यंत

९ जानेवारी

ही वही भाऊजींच्या कपाटात मिळाली. पहिल्या पानावर पॉलिशचं प्रमाण लिहिलंय, ते तसंच ठेवलं. ताई म्हणते मी कुठलीच गोष्ट तडीस नेत नाही. बघू, ही वही तरी भरते का.

मुक्काम सध्या ताईकडे. बेकरीतलं काम सुटलं (मीच सोडलं), त्याआधी फोटो स्टुडिओ, त्याआधी एका फिरत्या सर्कशीची तिकीटखिडकी. "आली आमची भिंगरी घरी," ताई शेजारणीला सांगत होती. भिंगरी म्हणजे मी, लहानपणापासून.

ताई-भाऊजींचं दुकान वेताच्या खुर्च्यांचं. लोक बैठक फाटलेल्या जुन्या खुर्च्या आणून टाकतात, इथून त्या नव्या होऊन जातात. लाकडाचं काम भाऊजींचं, विणकाम ताईचं आणि काकूचं. काकू नात्याने कुणाचीच काकू नाही, पण दुकान निघाल्यापासून इथे आहे आणि वेळ पडली तर भाऊजींनाही दटावते. पुढे दुकान, मागे कामाची खोली, वर आम्ही राहतो. मागच्या खोलीत पाण्याचा टब असतो, त्यात वेताच्या पट्ट्या भिजत पडलेल्या. वास येतो. ओल्या गवतासारखा आणि थोडा ओल्या कुत्र्यासारखा. मला आवडतो.

दुपारी जेवताना भाऊजी म्हणाले, "मेहुणीबाई, एवढं जग फिरलात, आमच्या दुकानाला चार गिऱ्हाइकं आणून दाखवा की." शेजारचा गाळा रिकामा आहे, तो घ्यायचं त्यांच्या मनात आहे. दुकान वाढलं तर टिकेल, नाहीतर प्लास्टिकच्या खुर्च्या आपल्याला गिळतील, असं त्यांचं म्हणणं.

"चार कशाला, चाळीस आणते," मी म्हणाले.

"आणि विणणार कोण? तुझी सर्कस?" काकू.

भाऊजी ठसका लागेपर्यंत हसले. ताई जेवताना बोलत नाही.

१२ जानेवारी

पोस्टात निघाले होते. वाटेत एका सभागृहाबाहेर पाटी: व्यवसायवाढीवर व्याख्यान, प्रवेश मोफत, चहा. शिरले.

एक उंच बाई फळ्यावर नुसती वर्तुळं काढत होती. आधी वाटलं चित्रकलेचा वर्ग आहे. पण ती म्हणाली, धंद्याकडे सुटं सुटं बघू नका. जाहिरात एकीकडे, माल एकीकडे, माणसं एकीकडे, असं काही नसतं. सगळं एकमेकांना बांधलेलं असतं, एक दोरी ओढली की दुसरीकडे काहीतरी हलतंच. मग तिने बाण काढले. जाहिरात केली, गिऱ्हाईक आलं. गिऱ्हाईक खूश झालं, त्याने चौघांना सांगितलं. ते चौघे आले. बाण फिरून पुन्हा पहिल्या जागी! असं वर्तुळ एकदा फिरायला लागलं की आपल्याआपण फुगत जातं म्हणाली. माझ्या अंगावर काटा आला. शाळेत असं कुणी शिकवलं असतं तर मी शाळेत टिकले असते.

दुसऱ्या जातीची वर्तुळं चहानंतर बघू, असं ती म्हणाली. चहा घेऊन मी जरा बाहेर आले, तर समोर एक माणूस शिडीवर चढून भिंतीवर दात रंगवत होता. दाताच्या डॉक्टरची जाहिरात. म्हशीएवढा दात. हिरड्यांना कुठला गुलाबी लावतो ते बघत राहिले. आत गेले तेव्हा लोक खुर्च्या आवरत होते.

असो. मुद्दा कळला. पोस्ट बंद झालं होतं.

१३ जानेवारी

खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर वर्तुळ काढलं आणि कामाच्या खोलीत टांगलं. भाऊजींना एकदम पटलं. बोट बाणांवरून फिरवत फिरवत दोनदा वाचलं त्यांनी. "म्हणजे आपण फक्त पहिला धक्का द्यायचा?"

"पहिला धक्का. मग ते आपलं आपण."

धक्का म्हणजे व्हिडिओ. स्टुडिओत असताना थोडं शिकले होते. फक्त ताईचे हात घेतले, चेहरा नाही, तिने घेऊच दिला नाही. काय हात आहेत! पट्टी वरून जाते, खालून येते, तिरकी जाते, आणि बघता बघता त्या रिकाम्या चौकटीत जाळी उमटते. प्रत्येक पट्टी शेवटी उजव्या अंगठ्याने दाबून ताणते, तेव्हा करकर आवाज येतो. तो आवाज मुद्दाम ठेवला.

"एका खुर्चीला किती वेळ लागतो गं?" मी विचारलं.

"विणायला दोन दिवस. पण मग ती—"

तेवढ्यात शेजारचं मांजर टबात पडलं. मग काय ती धावपळ. मांजर भाऊजींच्या डोक्यावर, काकू मांजराच्या मागे झाडू घेऊन, ताई हसून हसून खाली बसली. इतकी हसताना तिला मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

व्हिडिओखाली लिहिलं: 'जुनी खुर्ची आणा, दोन दिवसांत नवी न्या.'

१८ जानेवारी

फिरलं! लोक एकमेकांना पाठवतायत. एकाने लिहिलंय, रोज झोपताना हे हात बघतो, शांत झोप लागते. एकीने विचारलंय, हे हात लग्नाचे आहेत का. ताईला वाचून दाखवलं, ती लाजून "चल, काहीतरीच" म्हणाली. स्वतः व्हिडिओ बघायला काही आली नाही, हातात काम होतं.

२७ जानेवारी

लिहायला वेळच नाही. खुर्च्या दुकानात मावत नाहीत, जिन्यात ठेवल्यात. वर जायचं म्हणजे खुर्च्यांच्या पायांतून वाट काढत. भाऊजी दिवसभर शीळ घालतात, हात कोपरापर्यंत पॉलिशने तपकिरी.

ताईने उजव्या अंगठ्याला चिंधी बांधलीय. वेत कापतो म्हणे. इतकी वर्षं कापत नव्हता, आता बरा कापायला लागला. दुकान चालायला लागल्यापासून मालकीणबाईंची मिजास वाढलीय थोडी. धुतलेले कपडे मलाच पिळायला लावते, डब्याचं झाकण मलाच उघडायला लावते. चहासुद्धा दोन्ही तळव्यांत धरून राणीसारखी पिते. चिडवलं तर हसली.

काकूची मात्र किरकिर चालू. "अगं भिंगरे, ते तुझं वर्तुळ जरा हळू फिरव. मला घेरी येते."

२ फेब्रुवारी

मोठी बातमी. एक कॅफेवाला आला होता. नवीन कॅफे उघडतोय, सगळ्या खुर्च्या वेताच्या हव्यात, उद्घाटनाची तारीख ठरलेली. भाऊजींनी तिथल्या तिथे हो म्हटलं आणि संध्याकाळी शेजारच्या गाळ्याची किल्लीही घेऊन आले.

"अहो, मला विचारायचं तरी," ताई म्हणाली.

"दारात आलेल्याला नाही कसं म्हणायचं? तूच सांग."

"मी महिन्याने या म्हणते."

"महिन्याने या म्हटलं की माणूस दुसरीकडे जातो."

ताईने मान खाली घालून पट्टी ओढली. शेवटचा ताण तिने पकडीने दिला, हाताने नाही. मला वाटलं, हे चांगलं आहे, अवजार वापरलं की काम लवकर होतं.

आज एक गोष्ट नवीन कळली. विणून झाली म्हणजे खुर्ची झाली असं नसतं. वेत ओला असतो तोवर त्यावर कुणी बसायचं नाही. तो वाळताना आवळत जातो, मग त्यावर टिचकी मारली की खणखणीत वाजतो. हवा ढगाळ असली तर आठवडासुद्धा लागतो. मांजर पडलं तेव्हा ताई हेच सांगत होती बहुतेक. पण आता दोन दिवस लिहून बसलेय, आणि लोक तेच वाचून येतात. काढून कसं टाकायचं? खोटं ठरू आपण.

मी म्हणाले, पंखे लावू. भाऊजींनी दोन मोठे पंखे आणले. वरून हात लावून बघितला तर संध्याकाळपर्यंत कोरडं ठाक. झालं की!

९ फेब्रुवारी

एक खुर्ची परत आली. बैठकीला झोळ पडलाय. माणूस बसला की बूड खाली आणि गुडघे वर.

"झोपाळा मागितला नव्हता," गिऱ्हाईक म्हणालं. विनोदी माणूस.

ताईने बैठक कापून काढली. कापताना तिचा चेहरा बघवेना. पंख्याने वरून वाळलं होतं, आत वेत ओलाच. बसल्याबरोबर ताणला आणि तसाच सैल राहिला.

१३ फेब्रुवारी

अजून आल्या परत. रोजच येतात आता.

१४ फेब्रुवारी

लोकांनी व्हिडिओखाली वाईटसाईट लिहायला सुरुवात केलीय. 'हात सुंदर, काम भिकार.' हे वाचून मी चप्पल घालून बाहेर पडले आणि कुठे कुठे फिरून आले. एका दुकानात पोपट होता, त्याच्याशी बोलत बसले. परत आले तर भाऊजी वाट बघत होते. शीळ बंद.

"दुसरा व्हिडिओ कर," म्हणाले. "नाव खराब होतंय, ते झाकायला हवं."

केला. ताई विणताना थांबत होती मधेमधे, हात झटकत होती. ते तुकडे कापून टाकले. नवा व्हिडिओ जुन्यापेक्षा छान झालाय. भाऊजींनी पाठीवर थाप मारली.

१६ फेब्रुवारी

नवा व्हिडिओ बघून आणखी खुर्च्या आल्या. दुसरा गाळाही भरला. काकूने आज नमस्कार केला मला, दोन्ही हात जोडून, कोपरापासून.

१९ फेब्रुवारी

सकाळी उठून त्या सभागृहात गेले. ती वर्तुळवाली बाई कोण, कुठे असते, दुसऱ्या जातीचं वर्तुळ कसं असतं, एवढंच विचारायचं होतं. तिथे गालिच्यांचा सेल लागलेला. रखवालदार म्हणाला, रोज कुणी ना कुणी येऊन बोलून जातं, मी कुणाकुणाला लक्षात ठेवू? समोरच्या भिंतीवरच्या दाताला कुणीतरी मिशा काढल्यात.

पायरीवर बसून स्वतःच काढत बसले. खुर्च्या जास्त आल्या. ताई-काकूला घाई झाली. वाळायच्या आत खुर्ची बाहेर गेली. झोळ पडला. खुर्ची परत आली. पुन्हा विणायची, म्हणजे खुर्च्या अजून जास्त. म्हणजे घाई अजून जास्त. बाण फिरून पहिल्या जागी. हेही फुगतंच, मेलं. आणि नाव खराब झालं म्हणून मी जो व्हिडिओ केला त्याचा बाण कुठे जातो बघितलं, तर तोही खुर्च्यांकडेच.

कुठेतरी थांबवणारा बाण हवा ना? माझ्या चित्रात नव्हताच.

घरी येऊन पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूला हे काढलं आणि सगळ्यांना बोलावलं. मला वाटलं भांडण होईल. झालं नाही. भाऊजींनी बाणांवरून बोट फिरवलं, मग म्हणाले, "बरोबर आहे." काकू म्हणाली, "बरोबर आहे." ताई म्हणाली, "हो, असंच होतंय."

"मग थांबवू या," मी म्हणाले.

"कुठून?" भाऊजींनी विचारलं.

कॅफेवाल्याचं उद्घाटन तोंडावर. परत आलेल्या खुर्च्या लोकांच्या हक्काच्या. नव्या आलेल्या आपण घेऊन बसलेलो. ज्या बाणावर बोट ठेवावं, तिथे कुणीतरी माणूस उभा. आम्ही चौघं त्या पुठ्ठ्यासमोर उभे राहिलो, आणि मग काकू म्हणाली, "पट्ट्या जास्त भिजतायत," आणि दोघी जाऊन कामाला बसल्या.

निदान व्हिडिओ काढून टाकले. दोन्ही. काढल्यावर बरं वाटलं.

२० फेब्रुवारी

एक बाई खुर्ची घेऊन आली, फोनमध्ये व्हिडिओ दाखवत. मी म्हणाले, तो आम्ही काढून टाकलाय. ती म्हणाली, "असेल, पण मला माझ्या जावेने पाठवला." जावेला कुणी पाठवला देव जाणे. लोकांनी आपापल्या फोनमध्ये ठेवलाय, कुणी त्यावर गाणं लावलंय, कुणी स्वतःच्या नावाने टाकलाय. सगळीकडे खाली तेच: दोन दिवसांत नवी न्या.

दारावर पाटी लावली, नवीन काम बंद. संध्याकाळी पाटीखाली दोन खुर्च्या कुणीतरी नुसत्याच ठेवून गेलेलं. वर चिठ्ठी, नाव आणि फोन.

२२ फेब्रुवारी

दुपारी ताईच्या हातून पट्टी सुटली. तिने उचलली. पुन्हा सुटली. मग ती नुसती बसून राहिली, उजवा हात मांडीवर, जणू दुसऱ्या कुणाचा ठेवायला दिलाय.

काकूने चिंधी सोडली. अंगठ्याचं बूड सुजून चकचकीत झालेलं. मनगटापर्यंत.

"कधीपासून?" भाऊजी.

ताई म्हणाली, "थोडं होतंच आधीपासून. महिन्याला मोजक्या खुर्च्या असल्या की मधे आराम मिळायचा, उतरायचं."

मी जिन्यात जाऊन बसले. खुर्च्यांत. कुठल्याच खुर्चीला बसायला बैठक नव्हती म्हणून पायरीवर.

२४ फेब्रुवारी

डॉक्टर भला माणूस होता. हात बराच वेळ धरून ठेवला त्याने. शीर सुजून घट्ट धरलीय, आतलं झिजलंय. लिहिणं, स्वयंपाक, हळूहळू जमेल. हे काम मात्र विसरा म्हणाला.

ताईने एवढंच विचारलं, "डाव्याने?"

डॉक्टर कागद चाळायला लागला.

येताना रिक्षात भाऊजी म्हणाले, "माझंच चुकलं." मी म्हणाले, "माझं." ताई म्हणाली, "गप्प बसा दोघंही, डोकं दुखतंय."

२८ फेब्रुवारी

काकूने कॅफेच्या खुर्च्या एकटीने पुऱ्या केल्या. कशा, ते तिलाच ठाऊक. मग पिशवी भरली. लेकीकडे चाललेय म्हणाली. "डोळे गेले माझे या महिन्यात. नवरा गेला तेव्हासुद्धा एवढी दमले नव्हते." ताईच्या डोक्यावरून हात फिरवला. मला म्हणाली, "तुझ्यावर राग नाही गं. राग धरायला तू एका जागी थांबशील तर ना."

मी म्हणाले, मी शिकते विणायला. ताईने बसवलं शेजारी. सकाळभर बसले. दुपारी तिने माझ्या दोन ओळी न बोलता उसवल्या. किती वर्षं लागतात विचारलं तर म्हणाली, "कशाला विचारतेस?"

४ मार्च

ठरलं. उरलेल्या सगळ्या खुर्च्या आहेत तशा परत करायच्या. भाऊजी टेम्पो चालवतात, मी दारं वाजवते. काही लोक चिडतात, काही हळहळतात. एकाने दार लावून घेतलं. चिडलेले परवडतात.

६ मार्च

आज शेवटची खेप. शेवटचं घर शाळेतल्या बाईंचं, आता निवृत्त. व्हिडिओवरून आलेलं गिऱ्हाईक नाही हे, फार जुनं. तिसऱ्या मजल्यावर हातांच्या खुर्चीचा सांगाडा घेऊन मी चढले. बाईंनी दार उघडलं. आत पलंगाच्या कडेला त्यांचे यजमान बसलेले, पाठीला उशा लावून, तरी एका बाजूला कललेले.

"आली का खुर्ची?" त्यांनी विचारलं.

"तशीच परत आणलीय," मी म्हणाले. "ताईचा हात गेलाय. आता जमायचं नाही."

"अगं बाई!" बाई म्हणाल्या. "फार दुखतो का? शेकते का काही? तिला म्हणावं, घाई करू नकोस. आम्ही थांबू."

"तसं नाही, बाई. दुसरीकडे कुठेतरी..."

"दुसरीकडे कशाला? इतकी वर्षं ती महिन्याने या म्हणते, आम्ही महिन्याने जातो. एकदा तर दीड महिना लावला होता. पण बैठक कशी, ढोलकीसारखी! आम्हाला कुठे दोन दिवसांत हवीय? ते काय लिहिलं होतं तुम्ही, मला वाटलं दुसरंच कुठलं दुकान असेल."

"तेवढीच सवय झालीय पाठीला," पलंगावरचे आजोबा म्हणाले. "बाकी कशावर टेकवत नाही. पण आरामात होऊ दे. मी आहे."

मी तोंड उघडलं. आता कधीच नाही, एवढं म्हणायचं होतं. बाईंनी खुर्ची माझ्याच हातात परत दिली, जिन्यातून सांभाळून ने म्हणाल्या, आणि वर ताईसाठी शेकायची पिशवी दिली, रबराची. आजोबा उशांना धरून हळूहळू सरळ व्हायचा प्रयत्न करत होते, मला निरोप द्यायला.

खाली आले. भाऊजी टेम्पोतून उतरले. "अगं, सांगितलं नाहीस?"

"सांगितलं."

"मग?"

"थांबतो म्हणाले."

भाऊजींनी खुर्ची घेतली आणि टेम्पोत चढवली.

घरी ताई कामाच्या खोलीत होती. टब कोरडा करून उलटा घालून ठेवलेला. खुर्ची बघून तिने विचारलं नाही, का आणली. कुणाची आहे ते ओळखलं. म्हणाली, "आजोबा कशावर बसतात तोवर?"

"पलंगाच्या कडेला. उशा लावून."

ती उठली. पायाने ढकलून टब सरळ केला. डाव्या हाताने तांब्या तांब्या पाणी आणून ओतायला लागली. भाऊजी म्हणाले, "अगं, काय करतेस?" तिने ऐकलं नाही. मी तांब्या घ्यायला हात पुढे केला, तो तिने दिला नाही. टब भरला, मग वेताची एक जुडी काखेत धरून सोडवली आणि पाण्यात सोडली. पट्ट्या वर तरंगल्या, तिने तळव्याने दाबून धरल्या, बुडेपर्यंत.

आम्ही दोघं दारात उभे होतो. सकाळपर्यंत पट्ट्या भिजून विणण्याजोग्या होतील.